पिस्तुलावरचा नंबर खोडला तर माग संपतो, आणि नंबरच नसेल तर?

१२ ऑक्टोबर २०२४ च्या रात्री मुंबईत वांद्रे पूर्वला माजी मंत्री बाबा सिद्दिकी यांची गोळ्या झाडून हत्या झाली. दुसऱ्याच दिवशी तपास पुण्यात, वारज्यात येऊन पोहोचला. पोलिसांच्या म्हणण्यानुसार संशयितांपैकी काही जण इथल्या भंगाराच्या दुकानात कामाला होते आणि शेजारीच एकाची डेअरी होती. पुढचे काही दिवस वारजे देशभरच्या बातम्यांत होतं. कोण कुठं राहायचं, किती दिवसांपासून होतं, आजूबाजूच्यांना काही संशय आला होता का, हे सगळं आम्ही पत्रकारांनी लिहिलं.

एक प्रश्न मात्र फारसा कुणी विचारला नाही. त्या गुन्ह्यात परदेशी बनावटीची आणि देशी अशी दोन्ही प्रकारची पिस्तुलं वापरल्याचं पोलिसांनी सांगितलं होतं. परदेशी पिस्तूल कारखान्यातून बाहेर पडतं तेव्हा त्यावर नंबर असतो. त्या नंबराचं काय झालं? तो शाबूत होता, खोडलेला होता की बदललेला? नंबर होता तर ते पिस्तूल कोणत्या देशातून, कुणाच्या हातातून, कोणत्या वाटेनं इथं आलं?

खटला अजून न्यायालयात आहे, त्यामुळं त्या प्रकरणात निष्कर्ष काढायचा नाही. पण प्रश्न त्या एका प्रकरणापुरता नाही. आमच्या डेस्कवर जवळपास रोज एखादी प्रेसनोट येते: सापळा रचून एकाला ताब्यात घेतलं, त्याच्याकडे एक देशी बनावटीचं पिस्तूल आणि दोन जिवंत काडतुसं मिळाली, एकूण मुद्देमाल अमुक हजार रुपयांचा, भारतीय हत्यार कायदा कलम ३ (२५) अन्वये गुन्हा दाखल. त्यात पिस्तुलाची किंमत असते, आरोपीचं वय असतं, पथकातल्या सगळ्यांची नावं असतात. पिस्तुलावर काय कोरलेलं होतं, हे नसतं. आम्हीही ते विचारत नाही, आणि बातमी तशीच पुढं जाते.

माझं म्हणणं एवढंच आहे की, तो न विचारलेला प्रश्न हाच मुख्य प्रश्न आहे. शस्त्र कुणाकडे सापडलं हे कळल्यानं एक माणूस तुरुंगात जातो. शस्त्र कुठून आलं हे कळलं तर पुढची पन्नास शस्त्रं थांबू शकतात.

फ्रेमवरचा नंबर म्हणजे नेमकं काय?

वारज्यातल्या कुणीही जुनी दुचाकी विकली किंवा घेतली असेल, तर त्याला चासी नंबर माहीत असतो. त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायची आणि उमटलेला ठसा अर्जाला जोडायचा, हे काम एजंटनं आपल्यासमोर केलेलं असतं. गाडीचं चाक बदलता येतं, टाकी बदलता येते, इंजिनही बदलता येतं. पण चासी बदलली की गाडीच बदलली. म्हणून गाडीची ओळख चासीवर असते.

पिस्तुलाची फ्रेम म्हणजे त्याची चासी. नळी, मॅगझिन, मुठीवरच्या पट्ट्या हे सुटे भाग आहेत. ज्या सांगाड्यात हे सगळं बसतं तो मुख्य भाग म्हणजे फ्रेम, आणि रायफलीत रिसीव्हर. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेनं डिसेंबर २००५ मध्ये शस्त्रांचा माग काढण्याबाबतचा जो आंतरराष्ट्रीय दस्तऐवज स्वीकारला, त्यातही हेच तत्त्व आहे: ओळखीची खूण अशा भागावर असावी, जो नष्ट केला तर शस्त्र कायमचं निकामी होईल, उदाहरणार्थ फ्रेम किंवा रिसीव्हर. बनवणाऱ्याचं नाव, देश आणि अनुक्रमांक या त्या खुणेतल्या मूळ गोष्टी.

भारतात कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीत बनलेलं .३२ रिव्हॉल्वर एखाद्या परवानाधारकाकडे जातं, तेव्हा तो नंबर कारखान्याच्या नोंदीत, विक्रेत्याच्या वहीत आणि परवान्यावर चढतो. परवान्यालाही आता राष्ट्रीय डेटाबेसमधला वेगळा ओळख क्रमांक असतो. म्हणजे एका बाजूला लोखंड, दुसऱ्या बाजूला माणूस आणि मध्ये नंबर. मधला दुवा काढला तर दोन्ही बाजू शिल्लक राहतात, पण त्यांचा संबंध सिद्ध करणं फार अवघड होऊन बसतं. नंबर खोडणारा नेमकं तेच करत असतो.

कायदा काय सांगतो?

शस्त्र अधिनियम १९५९ चा आहे आणि तो १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. बातम्यांत आपण सतत कलम ३ आणि २५ वाचतो. कलम ३ परवान्याबद्दल आहे आणि २५ शिक्षेबद्दल. या दोघांच्या मध्ये कलम ८ आहे, त्याची चर्चा फारशी होत नाही.

कलम ८ चे तीन भाग आहेत. पहिला: शस्त्रावरचं नाव, नंबर किंवा ओळखीची कोणतीही खूण कुणीही खोडायची नाही, काढायची नाही, बदलायची नाही आणि खोटी उमटवायची नाही. दुसरा: अशी खूण नसलेलं शस्त्र कुणीही विकायचं किंवा दुसऱ्याच्या नावावर करायचं नाही. तिसरा भाग सर्वांत कडक आहे. ज्याच्याकडे असं खूण नसलेलं किंवा खूण खोडलेलं शस्त्र सापडेल, त्यानंच ती खूण खोडली असं न्यायालय गृहीत धरतं. तसं नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्यावर.

आपल्या फौजदारी कायद्यात साधारणपणे आरोप सिद्ध करण्याचा भार सरकार पक्षावर असतो. इथं कायद्यानं तो उलटा केला आहे. कारण सरळ आहे. बंद खोलीत कुणी नंबर घासला, याला साक्षीदार मिळत नाही. मग ज्याच्या हातात ते शस्त्र आहे, त्यालाच विचारायचं.

१९६२ मध्ये कायदा लागू झाला तेव्हा ज्यांच्या घरात आधीपासून बिननंबरी बंदुका होत्या, त्यांना या गृहीतकातून एक वर्षाची सूट दिली होती. ती मुदत १९६३ मध्येच संपली. म्हणजे 'आजोबांच्या वेळेपासून असंच आहे' एवढं सांगून आज सुटका होत नाही.

२०१९ च्या दुरुस्तीनं आणखी एक पाऊल पुढं टाकलं. शस्त्रांच्या बेकायदा तस्करीची व्याख्या कायद्यात आली, आणि कायद्यानुसार खूण नसलेल्या शस्त्रांची ने-आण, विक्री, देवाणघेवाण त्या व्याख्येत बसवण्यात आली. शिक्षा किमान दहा वर्षं, कमाल जन्मठेप. कारखान्यापासून खरेदीदारापर्यंत शस्त्राचा माग ठेवण्यासाठी नियम करण्याचा अधिकारही केंद्र सरकारला मिळाला. म्हणजे कागदावर कायदा पुरेसा कडक आहे.

घासलं की नंबर जातो का?

इंजिनीअरिंगला मटेरियल सायन्सच्या प्रॅक्टिकलमध्ये आम्ही स्टीलचा तुकडा आरशासारखा चकचकीत करायचो, त्यावर सौम्य आम्ल लावायचो आणि मायक्रोस्कोपखाली धरायचो. मघाशी सपाट दिसणाऱ्या धातूत कणांची नक्षी दिसू लागायची. धातू बाहेरून एकसारखा दिसला तरी आतून एकसारखा नसतो, हा त्या प्रॅक्टिकलचा धडा होता.

न्यायवैद्यक प्रयोगशाळा याच तत्त्वावर काम करते. कारखान्यात ठशानं नंबर ठोकला जातो, तेव्हा वरचा धातू नुसता खचत नाही. आकड्याच्या खालचे कणही दाबले जातात आणि तिथला धातू आजूबाजूच्यापेक्षा वेगळा वागू लागतो. वरचा आकडा गेला तरी खालचा हा ताण राहू शकतो. प्रयोगशाळेत रसायन लावल्यावर ती जागा वेगळी प्रतिक्रिया देते आणि आकडा पुसटसा वर येतो. स्टीलच्या बाबतीत चुंबकीय पद्धतीही वापरतात.

दर वेळी पूर्ण नंबर मिळतोच असं नाही. पण बनावट आणि मॉडेल माहीत असेल, तर दोन-तीन आकडेही संशयाची यादी बरीच छोटी करतात. शिवाय घासलेली जागा स्वतःच एक पुरावा असते. शस्त्र आपलं नाही, सापडलं, कुणीतरी ठेवायला दिलं, या नेहमीच्या बचावांना ती जागा अडचणीची ठरते.

नंबरानं खरंच काही साधतं का?

महाराष्ट्रानं याचं उत्तर दोन मोठ्या खटल्यांत पाहिलं आहे.

पहिला खटला २६ नोव्हेंबर २००८ चा. मुंबईवर हल्ला करणाऱ्यांकडच्या पिस्तुलांवर पेशावरच्या एका शस्त्र कंपनीचं नाव कोरलेलं होतं. भारतानं पाकिस्तानला दिलेल्या पुराव्यांत त्या खुणेचा समावेश होता. हल्लेखोर ज्या रबरी होडीनं किनाऱ्याला लागले, तिला यामाहाचं इंजिन होतं. त्या इंजिनाच्या नंबरावरून माग कराचीपर्यंत गेला, आणि फेब्रुवारी २००९ मध्ये पाकिस्तानच्या गृह खात्याच्या तेव्हाच्या प्रमुखांनीही होडीचं इंजिन कराचीत खरेदी झाल्याचं मान्य केलं. एका लोखंडी भागावरच्या काही अक्षर-आकड्यांनी दोन देशांमधला वाद पुराव्यापर्यंत आणला.

दुसरा खटला पुण्यातला. २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पुलावर हत्या झाली. तपास यंत्रणांच्या म्हणण्यानुसार त्यात गावठी पिस्तूल वापरलं गेलं. अशा शस्त्राला कारखान्याची नोंद नसते, विक्रेत्याची वही नसते. मग मागे उरतात फक्त गोळ्या आणि रिकाम्या पुंगळ्या. नळीतून जाताना गोळीवर आणि पिनेच्या ठोक्यानं पुंगळीवर जे ओरखडे पडतात, तेवढीच त्या शस्त्राची सही. दाभोलकर, गोविंद पानसरे आणि एम. एम. कलबुर्गी यांच्या हत्यांत एकच पिस्तूल होतं की वेगवेगळी, यावर प्रयोगशाळांची मतं जुळली नाहीत, तेव्हा सीबीआयनं स्कॉटलंड यार्डचं मत घेण्याचीही तयारी केली होती. पुढं पिस्तुलांचे भाग खाडीत फेकल्याची माहिती आली, आणि मार्च २०२० मध्ये पाणबुड्यांच्या मदतीनं ठाण्याजवळच्या खाडीतून एक पिस्तूल वर काढण्यात आलं. हत्येला तोवर साडेसहा वर्षं झाली होती. १० मे २०२४ ला पुण्याच्या विशेष न्यायालयानं दोघांना जन्मठेप सुनावली आणि तिघांची निर्दोष मुक्तता केली.

दोन्ही खटले वेगळे आहेत, त्यांची थेट तुलना होत नाही. पण एवढं दिसतं की, खूण होती तिथं माग समुद्र ओलांडून गेला. जिथं खूणच नव्हती, तिथं तपासाला खाडीच्या तळाशी उतरावं लागलं.

खोडायला नंबरच नसेल तर?

इथं आपली खरी अडचण सुरू होते. कलम ८ लिहिताना समोर होती कारखान्यात बनलेली, नंबर असलेली बंदूक. गल्लीत सापडतं ते बहुतेक वेळा तसं नसतं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग जप्त शस्त्रांची विभागणी ढोबळपणे दोन रकान्यांत करतो: परवान्याची किंवा कारखान्यात बनलेली, आणि विनापरवाना, गावठी. जवळजवळ सगळा आकडा दुसऱ्या रकान्यात असतो.

ही शस्त्रं कुठून येतात, याचं एक उत्तर पुणे पोलिसांनी स्वतःच शोधलं. शहरात पकडलेल्या पिस्तुलांचा माग काढत नोव्हेंबर २०२५ मध्ये पुण्याचं पथक मध्य प्रदेशातल्या बडवानी जिल्ह्यात उमर्टीला गेलं. हे गाव आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्याला लागून आहे. तिथं पन्नासच्या आसपास भट्ट्या उद्ध्वस्त केल्या आणि तीसहून अधिक जणांना ताब्यात घेतलं. तिथल्या पिस्तुलांवर 'यूएसए' अशी अक्षरं असतात आणि त्याचा अर्थ 'उमर्टी शिकलगार आर्म्स' असा आहे, असंही त्या वेळच्या वृत्तांमध्ये आलं.

यावर सोशल मीडियावर बरेच विनोद झाले. पण ही अक्षरं गंभीरपणे घ्यायला हवीत. गावठी पिस्तुलांवर 'मेड इन यूएसए', 'मेड इन इटली' असे शिक्के मारण्याचा प्रकार देशात जुना आहे. विकणाऱ्याला त्यातून भाव मिळतो आणि घेणाऱ्याला आपल्याकडे 'फॉरेनचा माल' असल्याचं समाधान. तपास करणाऱ्याला मात्र तो खोटा शिक्काही उपयोगी पडू शकतो. अक्षरांचं वळण, ठशातला दोष, शिक्का मारण्याची जागा यांवरून दहा वेगवेगळ्या ठाण्यांत पडलेली दहा पिस्तुलं एकाच हातची आहेत का, हे ताडता येतं. अट एकच, त्या दहा ठाण्यांनी त्या खुणांची नीट नोंद आणि फोटो ठेवायला हवेत आणि ते एका जागी बघता यायला हवेत.

एक गोष्ट इथं स्पष्ट करायला हवी. शिकलगार हा शस्त्रं घडवण्याची आणि धार लावण्याची पिढीजात कला असलेला समाज आहे. काही भट्ट्यांमुळं सगळ्या समाजाला गुन्हेगार ठरवणं चूक आहे. ज्या हातांना धातू कळतो, त्यांना कायदेशीर काम मिळालं नाही तर उद्ध्वस्त केलेली भट्टी पुन्हा पेटायला वेळ लागत नाही.

बिननंबरी शस्त्राचा प्रश्न फक्त आपला नाही. अमेरिकेत सुटे भाग मागवून घरी जोडलेल्या, नंबर नसलेल्या 'घोस्ट गन'चा सुळसुळाट झाला. तिथल्या सरकारनं २०२२ मध्ये नियम करून अशा किटमधल्या मुख्य भागावर नंबर आणि खरेदीदाराची तपासणी सक्तीची केली. बंदूक बाळगणं हा जिथं घटनेनं दिलेला हक्क आहे, तिथल्या सर्वोच्च न्यायालयानंही मार्च २०२५ मध्ये तो नियम वैध ठरवला. हक्क मानणाऱ्या देशालाही नंबर हवा आहे, मग परवाना मानणाऱ्या देशानं त्याकडे दुर्लक्ष करायचं कारण नाही.

घरात जुनी बंदूक असेल तर?

कलम ८ चा फटका अनवधानानं साध्या माणसालाही बसू शकतो. मुळशी, भोर, राजगड भागातून वारजे-शिवण्याला राहायला आलेली अनेक कुटुंबं आहेत. अशा एखाद्या घरात पीक राखण्यासाठी परवान्यावर घेतलेली आजोबांची बंदूक असू शकते. गंज चढलाय म्हणून कुणी ती पॉलिश करून घेतं, कुणी फ्रेमवर नाव किंवा नक्षी कोरून घ्यायला निघतं. त्यात मूळ नंबर पुसट झाला, तर हेतू चांगला होता हे सांगत बसण्याची वेळ तुमच्यावर येते.

म्हणून काही गोष्टी लक्षात ठेवा. परवान्यावरचा नंबर आणि शस्त्रावरचा नंबर आजच जुळवून पाहा. नंबर वाचता येत नसेल तर स्वतः काही करू नका. पुणे शहरात पोलीस आयुक्तालयाच्या परवाना शाखेला आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकारी कार्यालयाला लेखी कळवा आणि पोच घ्या. दुरुस्ती फक्त परवानाधारक विक्रेत्या-दुरुस्तीकाराकडेच. परवानाधारक वारला असेल, तर शस्त्र कपाटात ठेवून देऊ नका. कायद्यानं ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं लागतं, वारसाच्या नावाचा अर्ज त्यानंतर.

लेथ, बफिंग, लेझर एन्ग्रेव्हिंगची कामं करणाऱ्यांसाठीही एक सूचना. कलम ८ मधले शब्द 'मालकानं खोडू नये' असे नाहीत, 'कोणीही' असे आहेत. जॉबवर्क म्हणून केलं, काय आहे ते माहीत नव्हतं, हे उत्तर महागात पडू शकतं. परवान्याशिवाय शस्त्राची दुरुस्ती किंवा त्यात बदल करणं हाही कलम ५ खाली वेगळा गुन्हा आहे. असं काम घेऊन कुणी आलं तर नकार द्या आणि ११२ वर कळवा.

मग करायचं काय?

शस्त्र पकडण्यात पुणे पोलीस कमी पडतात, असं मला म्हणायचं नाही. उमर्टीची कारवाई हीच दाखवते की, मागे जायचं ठरवलं तर राज्याची हद्दही आडवी येत नाही. माझा मुद्दा असा आहे की, हे मागे जाणं एखाद्या मोठ्या कारवाईपुरतं न राहता प्रत्येक जप्तीचा नेहमीचा भाग व्हावं. त्यासाठी चार गोष्टी पुरेशा आहेत.

पहिली, पंचनाम्यात आणि प्रेसनोटमध्ये एक ओळ सक्तीची करा: शस्त्र कारखान्याचं की गावठी, नंबर आहे, नाही की खोडलेला, इतर खुणा आहेत की नाहीत. तपासाला धोका असेल तर प्रत्यक्ष नंबर सांगू नका, पण प्रकार सांगा.

दुसरी, नंबर खोडलेला असेल तिथं कलम ३ सोबत कलम ८ ही लावा. कायद्यानं दिलेलं गृहीतक वापरलंच नाही, तर ते असून नसल्यासारखं आहे.

तिसरी, जप्त केलेल्या प्रत्येक शस्त्रातून प्रयोगशाळेत चाचणीची गोळी झाडून तिच्या आणि पुंगळीच्या प्रतिमा राज्यभरच्या एका डेटाबेसमध्ये टाका. गावठी शस्त्राला कारखान्याचा नंबर नसतो, पण हे ओरखडे असतात. आपण त्यालाच नंबर मानू शकतो. परदेशी शस्त्र असेल तर इंटरपोलच्या 'आयआर्म्स' यंत्रणेतून मूळ देशाला विचारणा करता येते, तीही प्रत्येक वेळी व्हावी.

चौथी, वर्षातून एकदा आकडे जाहीर करा. किती शस्त्रं पकडली हे आपल्याला नेहमी सांगितलं जातं. त्यातल्या किती शस्त्रांचा उगम सापडला, हेही सांगा.

यावर दोन आक्षेप येतील, आणि दोन्हीत तथ्य आहे. एक, प्रयोगशाळांवर आधीच कामाचा डोंगर आहे. खरं आहे, आणि म्हणूनच तिसरी गोष्ट पैसे आणि माणसं दिल्याशिवाय होणार नाही. पण पहिली, दुसरी आणि चौथी गोष्ट करायला प्रयोगशाळा लागत नाही. चांगला कॅमेरा, एक फॉर्म आणि तो भरण्याची सवय लागते. दुसरा आक्षेप असा की, गुन्हेगार कायदे वाचून गुन्हे करत नाहीत, नंबर असला काय आणि नसला काय. बरोबर आहे. पण नंबर गुन्हेगाराला घाबरवण्यासाठी नसतोच. तो त्याला शस्त्र पुरवणाऱ्यापर्यंत पोहोचण्यासाठी असतो. आजच्या पद्धतीत एकवीस-बावीस वर्षांचा मुलगा पकडला जातो, त्याचं नाव छापून येतं, आणि त्याला पिस्तूल देणारा पुढच्या गिऱ्हाइकाकडे जातो.

५ जानेवारी २०२४ ला वारज्याशेजारच्या कोथरूडमध्ये, सुतारदऱ्यात, गुंड शरद मोहोळवर भरदिवसा गोळ्या झाडल्या गेल्या. तेव्हाही शहरानं हाच प्रश्न विचारला होता: एवढी पिस्तुलं येतात कुठून? त्यानंतर कितीतरी पिस्तुलं पकडली गेली आणि कितीतरी प्रेसनोट निघाल्या. त्या प्रश्नाचं उत्तर मात्र प्रेसनोटमध्ये अजून येत नाही.

जुनी दुचाकी दुसऱ्याच्या नावावर करताना आपण चासी नंबरचा ठसा उमटवल्याशिवाय पुढं जात नाही. पन्नास हजारांच्या गाडीसाठी जी तसदी आपण घेतो, ती जीव घेणाऱ्या शस्त्रासाठीही घ्यायला हवी. सुरुवात आमच्यापासून होऊ शकते. यापुढं देशी पिस्तुलाची प्रेसनोट हातात आली की, बातमी लावण्याआधी मी फोन करून एवढंच विचारणार आहे: त्यावर नंबर होता का? तुम्हीही ती बातमी वाचाल तेव्हा उत्तर दिलं आहे का ते बघा. दिलं नसेल तर आम्हाला विचारा.